‘पाठ चांगला झाला’च्या पुढे काय लिहायचं? मास्तरांसाठी आणि पोरांसाठी चिंतनवही (आणि जमलंच तर ब्लॉग)

मागच्या दिवाळीत घर आवरताना माझ्या जुन्या टाचण वह्यांचा (रोजच्या पाठाची तयारी मास्तर जिच्यात लिहितो ती वही) गठ्ठा निघाला. बायको म्हणाली रद्दीत टाकू का, म्हटलं थांब जरा बघतो, आणि तिथंच फरशीवर बसून चाळत बसलो. बारा वर्षांच्या वह्या आणि शेऱ्याच्या रकान्यात जवळपास प्रत्येक पानावर तेच, ‘पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ बारा वर्षं रोज हे लिहिलंय आणि त्यातला एक तास आठवेल तर शपथ. एका वहीत मात्र कडेला पेन्सिलीनं खरडलेलं सापडलं: ‘०.२५ मोठं म्हणाला. का?’ एवढंच. आणि ते वाचल्याबरोबर अख्खा तास डोळ्यासमोर. सहावीचा वर्ग, खिडकीकडचा तिसरा बाक, मी विचारलं ०.५ मोठं का ०.२५, पोरगं उठून ठामपणे म्हणालं ०.२५, मी म्हटलं चूक, बस, पुढची सांग. पुढचीनं बरोबर सांगितलं आणि मी खूश होऊन पुढच्या गणितावर गेलो. त्या पोराच्या डोक्यात ‘२५ हे ५ पेक्षा मोठं’ असं साधं सरळ गणित चालू होतं आणि ते तसंच राहिलं.

बाकीच्या वह्या रद्दीत गेल्या, ती एक ठेवली. खाली जे लिहितोय ते सगळं त्या पेन्सिलीच्या ओळीसारखं कसं लिहायचं याबद्दल आहे, त्यालाच मी चिंतनवही म्हणतो. मी सोलापुरात पूर्व भागात गणित शिकवतो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील, तुम्ही मराठी, इतिहास काहीही शिकवत असाल तरी पद्धत तीच.

थोडी थिअरी, मग कामाला लागू

चिंतन म्हटलं की आपल्याला परिपाठातला सुविचार आठवतो, तसलं काही नाही. जॉन ड्यूई या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९१० मध्येच मांडलं होतं की माणूस खरा विचार करायला लागतो तो कुठंतरी अडल्यावर, सगळं सुरळीत चाललंय तोवर डोकं सवयीनंच चालतं. मग १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकानं त्याचे दोन भाग केले. एक, काम चालू असतानाच केलेला विचार, म्हणजे फळ्यासमोर उभं असताना पोरांची तोंडं बघून आपण उदाहरण बदलतो तो. दुसरा, काम झाल्यावरचा, म्हणजे गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला उभी असताना एकदम ‘अरेच्चा, तो असं का म्हणाला’ हे सुचतं तो. पहिला अनुभवानं येतो. दुसरा सिग्नल हिरवा झाला की जातो, म्हणून तो लिहायचा.

पायरी १: वही आणि वेळ

साधी शंभर पानी वही. टाचण वही नको, कारण तिच्यावर मुख्याध्यापकांची सही होते, आणि ज्या वहीवर सही होणार तिच्यात कोण खरं लिहितंय सांगा. फोनवर लिहिणार असाल तरी चालेल, पण आपलं काय होतं माहितीये, फोन उघडला की आधी ग्रुपवरचे चाळीस गुड मॉर्निंग.

वेळ तास संपल्यावर लगेचची, सात-आठ मिनिटं. ऑफ पिरियड नाहीतर मधली सुट्टी. घरी जाऊन निवांत लिहू म्हणणारा माणूस कधीच लिहीत नाही, मी त्यातलाच. आणि रोज लिहू नका! पहिल्या वर्षी मी एक जानेवारीला मोठ्या जोशात रोजचा संकल्प केला, दहा-अकरा दिवस चालला, मग गड्डा (सोलापूरची संक्रांतीची जत्रा) आला, पाव्हणे आले, पोरांना पाळण्यात बसवायला न्यायचं, वही जी बंद पडली ती जूनपर्यंत. आठवड्यातून दोनदा, वार ठरवून. माझे मंगळवार आणि शुक्रवार.

पायरी २: एकच प्रसंग, कॅमेऱ्यासारखा

ही पायरी सगळ्यात अवघड आहे म्हणून इथं जरा जास्त वेळ घेतो.

अख्ख्या तासाबद्दल लिहायला गेलात की ‘पाठ चांगला झाला’च बाहेर पडणार, दुसरं काही येतच नाही, कारण अख्खा तास एका वाक्यात मावायचा तर ते वाक्य पोकळच असणार. म्हणून तासातली दोन मिनिटं उचला. जिथं तुम्ही दचकलात, चिडलात, हसलात, किंवा वर्ग एकदम गप्प झाला. आणि पहिल्या पाच ओळीत फक्त जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच. मत नाही.

माझ्याच वहीतलं दाखवतो. आधी असं लिहिलं होतं: ‘आज गुणोत्तर घेतलं. मागच्या बाकावरच्या मुलांचं लक्ष नव्हतं. पाया कच्चा आहे.’ हे वाचून पुढं काय करणार? काहीच नाही, पाया कच्चा म्हटलं की आपली जबाबदारी संपली, दोष प्राथमिकवाल्यांवर. मग तोच प्रसंग परत लिहिला: ‘मी फळ्यावर ३:५ लिहिलं. विचारलं कळलं का. समोरून चार-पाच जण हो म्हणाले. मागच्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं, एक हळूच म्हणाला अर्थं कालेदु. मी ऐकलं पण ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढचं गणित घेतलं.’

आमच्याकडं निम्म्याहून जास्त पोरं घरी तेलुगू बोलतात, ‘अर्थं कालेदु’ म्हणजे कळलं नाही. म्हणजे लक्ष नव्हतं हे खोटंच होतं ना, लक्ष होतं म्हणून तर कळलं नाही हे कळलं! आणि ऐकूनही न ऐकल्यासारखं कुणी केलं, तर मी. पहिल्या पद्धतीनं लिहिलं तेव्हा मी त्या तासात कुठं नव्हतोच.

सुरुवातीला काही शब्दांवर स्वतःच बंदी घाला: छान, उत्स्फूर्त, कमकुवत, लक्ष नसणे, पाया कच्चा, घरचं वातावरण. ‘घरचं वातावरण’ तर दोन महिने लिहायचंच नाही. त्याच्याऐवजी कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दात लिहा, ‘सर कळूलालंय की’ म्हणाला असेल तर तसंच, शुद्ध करायला जाऊ नका.

पायरी ३: काय झालं, मग काय, आता काय

प्रसंग लिहून झाला की खाली हे तीन प्रश्न. टेरी बॉर्टन नावाच्या अमेरिकन शिक्षकानं १९७० मध्ये मांडलेत, इतके साधे की मराठीत आपोआप बसतात. काय झालं हे तर लिहिलंच. मग काय, म्हणजे त्याचा अर्थ काय, मला ते का टोचलं. आणि आता काय, म्हणजे पुढच्या तासाला मी नेमकं काय करणार.

जरा सविस्तर पाहिजे असेल तर ग्रॅहम गिब्ज या शिक्षण-अभ्यासकाचं १९८८चं चक्र आहे, सहा टप्प्यांचं: वर्णन, भावना, बरं-वाईट, कारणमीमांसा, निष्कर्ष, पुढची कृती. बी.एड.ला तक्ता काढून पाठ केलेलं असतं पण वापरलेलं नसतं. मी रोज वापरत नाही, पण त्यातला भावनेचा टप्पा मात्र सोडत नाही, कारण आपण मास्तर लोक नेमकं तेच गाळतो. अर्थं कालेदुच्या दिवशी मी लिहिलं, ‘मला घाई झाली होती. घटक चाचणी आठ दिवसांवर, दोन धडे बाकी. तो थांबवेल म्हणून मी बघितलं नाही.’ हे लिहिताना लाज वाटली, पण खरं कारण तेच होतं, पोराचा पाया वगैरे काही नाही.

‘आता काय’मध्ये लोक भलतीच मोठी वाक्यं लिहितात. ‘विद्यार्थ्यांना समजून घेईन.’ कधी घेणार, कितव्या तासाला? असं लिहा: ‘शुक्रवारी तिसऱ्या तासाला कळलं का असं विचारणार नाही. ३:५ चं एक चित्र प्रत्येकाला काढायला सांगेन, मागून सुरुवात करून बघत येईन.’ वार, तास, कृती. पुढच्या वेळी वही उघडली की आधी हे बघायचं, केलं का नाही. नसेल केलं तर ‘केलं नाही’ असं लिहायचं, एवढंच.

पायरी ४: परत वाचणं

माझं मत विचाराल तर खरी गंमत इथं आहे आणि नव्वद टक्के लोक इथंच येत नाहीत. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर वीस मिनिटं, वेगळ्या रंगाचं पेन घेऊन महिनाभराचं वाचायचं. सात-आठच नोंदी असतात. कोणता शब्द, कोणतं पोर, कोणती वेळ परत परत येतेय त्याला गोल करायचा.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. सगळे खटके मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला उडत होते, म्हणजे अवघड नवीन भाग मी नेमका त्याच तासाला ठेवत होतो. आणि दुसरी, माझ्या नोंदीत फिरून फिरून पाचच नावं होती. बावन्न पोरांचा वर्ग, आणि सत्तेचाळीस जणांबद्दल माझ्याकडं महिनाभरात लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. मग हजेरीपटावरनं रोज एक नंबर काढायचा आणि त्या तासाला त्याच्याकडं मुद्दाम बघायचं असं सुरू केलं.

स्टीफन ब्रुकफिल्ड या शिक्षण-अभ्यासकानं १९९५ मध्ये सांगितलंय की मास्तरानं स्वतःकडं चार भिंगांतून बघावं: स्वतःचा अनुभव, विद्यार्थ्यांचे डोळे, सहकारी, आणि अभ्यासकांनी केलेलं लिखाण. एकट्यानं वही लिहीत बसलात की पहिलंच भिंग राहतं आणि मग माणूस एकतर स्वतःलाच शाबासकी देत बसतो नाहीतर कुढत बसतो. सहकाऱ्याचं भिंग मिळवायचं तर स्टाफरूममध्ये एक भरवशाचा माणूस शोधा, एकच पुरे, त्याला एक नोंद वाचून दाखवा आणि आधीच सांगा, सल्ला नको, तुला काय प्रश्न पडतात तेवढं विचार. सल्ला द्यायची आपल्याला इतकी सवय असते की हे पाळणं लई अवघड जातं.

पायरी ५: आता पोरांकडं वळा

डायरेक्ट ‘चिंतनवही लिहा’ म्हणून सांगू नका, निबंध येतील. चिठ्ठीपासून सुरू करा. हार्वर्डचे संख्याशास्त्राचे प्रोफेसर फ्रेडरिक मोस्टेलर लेक्चर संपताना विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यायचे की आज सगळ्यात गढूळ राहिलेला मुद्दा कोणता, त्यावर १९८९ मध्ये त्यांनी लिहिलंय पण. तेच करा. शेवटची तीन मिनिटं, कागदाचा कपटा, नाव नाही, ‘आज कुठं गढूळ राहिलं?’ दाराशी डबा ठेवा, जाताना टाकायचं.

पहिल्या आठवड्यात बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘सगळं कळलं सर’ असणार, घाबरू नका. तिसऱ्या आठवड्यात मला ही मिळाली: ‘सर कळलं का विचारतात तवा आमी हो म्हणतो कारण नाही म्हणलं की सर परत तेच सांगतात तेच शब्द फक्त जोरात.’ दिवसभर खिशात होती ती चिठ्ठी. बी.एड.च्या दोन वर्षात मला एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठ्या अंगवळणी पडल्या की मग वही, आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. प्रश्न द्यायचा, विषय नाही. माझे चाललेले प्रश्न: आज कुठं अडकलास आणि मग काय केलंस? कुणाचं उत्तर ऐकून तुझं मत बदललं? हे धाकट्या भावाला कसं समजावशील? या आठवड्यात शाळेबाहेर गणित कुठं केलंस?

शेवटच्या प्रश्नानं मला जे दिलं ते सांगतो. एका मुलीची आई विड्या करते. तिनं लिहिलं, पंचवीस विड्यांचं एक बंडल, हजार विड्यांची चाळीस बंडलं, मजुरी हजारावर, पण काल चौतीसच झाली तर साडेआठशेचे किती ते मी आईला तोंडी सांगितलं. हीच पोरगी वर्गात समप्रमाणाचं गणित आलं की खाली मान घालून बसायची. मी तिला आंब्याच्या पेट्यांचं उदाहरण देत होतो, जिच्या घरी रोज संध्याकाळी खरोखरचं समप्रमाण मांडलेलं असतं. त्यानंतर तिला विचारून ते उदाहरण वर्गात घेतलं, आणि फळ्यावर तीच आली.

पोरांच्या वहीचे नियम थोडेच आहेत पण कडक आहेत. लाल पेन लावायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घ काढायचं नाही. मार्क तर अजिबात नाही, मार्क दिले की दुसऱ्या दिवसापासून पोरं तुम्हाला जे आवडतं ते लिहायला लागतात, फार हुशार असतात त्या बाबतीत. भाषा कुठलीही: मराठी, हिंदी, तेलुगू किंवा कन्नड देवनागरीत, सगळं मिसळून. ज्याला लिहायला जड जातं त्यानं चित्र काढायचं नाहीतर तुम्हाला तोंडी सांगायचं. दर वेळी सगळ्या वह्या वाचायच्या नाहीत, बावन्न वाचत बसलात तर पंधरा दिवसात वैतागाल, दहा वाचा आणि प्रत्येकीत एक प्रश्न लिहून परत द्या. ‘वाचू नये’ असं पोरानं पानावर लिहिलं असेल तर नाही वाचायचं. हे एकदा मोडलंत की वही मेली.

बरं, हे नुसतं हौसेचं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपत्रकामध्ये विद्यार्थ्यानं स्वतः केलेलं आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापन धरलेलं आहे. स्वतःकडं बघायची सवयच नसलेल्या पोराच्या हातात तो कागद दिला तर ते सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांवर टिक करून मोकळं होतं. त्याच धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितलेत, त्यात कुठलं प्रशिक्षण आपल्याला खरंच पाहिजे हे तुमच्या वहीतले गोल केलेले शब्द सांगतील.

बी.एड.वाल्यांसाठी एवढंच: दोन वर्षांच्या कोर्सात तुमची २० आठवड्यांची इंटर्नशिप असते आणि सीनियरची जर्नल व्हॉट्सॲपवर फिरत असते, मला ठाऊक आहे, आम्हीपण तेच केलं. सबमिशनला काय द्यायचं ते द्या, पण चार ओळींची खरी वही बाजूला ठेवा. पहिल्या नोकरीत तीच उपयोगी पडेल.

पायरी ६: ब्लॉग, पण घाई नको

२०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या फायनलिस्टना वाटून टाकली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर जो तो ब्लॉग काढत होता. आज त्यातले बरेच तीन पोस्ट आणि एक गुढीपाडव्याच्या शुभेच्छा एवढ्यावर थांबलेत. कारण वहीच नव्हती, मग ब्लॉगवर घालणार काय. निदान तीन महिने वही झाल्याशिवाय ब्लॉग काढू नका.

मग ब्लॉगर डॉट कॉमवर गुगल अकाउंटनं फुकटात होतो, दहा मिनिटांचं काम. सेटिंगमध्ये वाचकांचा पर्याय आहे, तो आधी खाजगी ठेवा, फक्त लेखकाला दिसेल असा, आणि पाच पोस्ट झाल्यावर ठरवा उघडायचा का, का फक्त ठरावीक ईमेलवाल्यांना दाखवायचा. कमेंट आधी तुम्ही बघणार आणि मगच दिसणार असं करून ठेवा. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये (जुने मराठी फॉन्ट) टाइप केलेलं तिथं चिकटवू नका, अक्षरांची नुसती जत्रा दिसेल, युनिकोडच पाहिजे, म्हणजे फोनवर मराठी टाइप होतं तसलं. टाइपिंगचा कंटाळा असेल तर फोनवर जीबोर्डचं (गुगलचा कीबोर्ड) मराठी बोलून टायपिंग वापरा, पण नंतर वाचा, माझ्या एका पोस्टमध्ये ‘छेद’चा सगळीकडं ‘भेद’ झाला होता आणि ती तशीच चार दिवस राहिली.

पोस्ट तीन-चारशे शब्दांची बास. प्रसंगापासून सुरू करा, ‘नमस्कार वाचकहो’ नको. शेवटी न सुटलेला प्रश्न तसाच ठेवा. फोटो फळ्याचा, वहीचा, पोरांच्या चेहऱ्याचा नाही.

आता माझी चूक सांगतो. एका पोराबद्दल लिहिलं, नाव बदललं, वाटलं झालं काम. पण वडिलांचा कापडाचा माग बंद पडला आणि पोरगं सकाळी दूध टाकायला जातं हे तसंच ठेवलं. गल्लीत कुणीतरी वाचलं, दुसऱ्या दिवशी आई शाळेत. भांडली नाही, फक्त म्हणाली, सर, आमचं घर कशाला लिहिलाव. पोस्ट तिच्यासमोर काढली, पण पोरगं पुढं महिनाभर वहीत तारखेशिवाय काही लिहीत नव्हतं. तेव्हापासून नाव सोडून आणखी दोन-तीन खुणा बदलतो, लिहिल्यावर पंधरा दिवस थांबतो, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला आणि घरच्यांना वाचून दाखवल्याशिवाय पोस्ट करत नाही. कायदाही आहेच, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरतो आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत साध्या मराठीत एक पानाचं पत्र देतो, आणि ज्या आईवडिलांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवून मगच सही किंवा अंगठा घेतो.

पोरांचा ब्लॉग करायचा तर वर्गाचा एकच, शिक्षकाच्या अकाउंटवरून. पोरांनी वहीत लिहायचं, त्यातलं कुठलं बाहेर द्यायचं ते त्यांनीच निवडायचं, टोपणनाव त्यांनीच ठेवायचं (आमच्या वर्गात एक ‘शेंगाचटणी’ आहे आणि दोन ‘सिद्धेश्वर एक्स्प्रेस’). आणि वर्षातून दोनदा बॅकअप, सेटिंगमध्येच बटण आहे.

वही बंद पडली तर

पडणारच. परीक्षा, इलेक्शन ड्यूटी, आषाढीची गर्दी, एप्रिलमधली सकाळची शाळा आणि बेचाळीस डिग्री ऊन. बंद पडली की मागचं भरून काढत बसू नका, राहिलेल्या आठवड्यांचं खोटं लिहिण्यापेक्षा रिकामी पानं बरी. आजची तारीख टाका आणि आजची दोन मिनिटं लिहा. काहीच सुचत नसेल तर हजेरीपटावरचा कुठलाही एक नंबर घ्या आणि ते पोर आज कुठं बसलं होतं आणि काय म्हणालं तेवढं लिहा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ लिहा, आणि उद्या त्याच्याकडं बघा.